सुईची खतावणी

शेजारच्या वहिनी काल संध्याकाळी हातात कागद घेऊन आल्या. लेकीला ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला जायचंय. तिथल्या कॉलेजने पाठवलेल्या यादीत गोवर, धनुर्वात यांच्याखाली आणखी एक नाव आहे : मेनिन्गोकॉकल, चार प्रकारांची. वसई रोड स्टेशनजवळच्या औषधवाल्याने फोनवर भाव सांगितला, तो ऐकून त्या खुर्चीत बसल्याच. "भाऊ, एवढ्याशा बाटलीला पाच हजारांच्या आसपास! मग गरिबाच्या पोराला ही मेंदूज्वराची लस कोण देतं हो?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

रात्री जेवताना लक्षात आलं, उत्तर चुकलं. पस्तीस वर्षं पतपेढीत जमाखर्च लिहिला, पण समोरचं पान न उलटता बोलायची खोड काही गेली नाही.

* * *

चूक दुरुस्त करून ठेवतो.

आपल्याकडे 'ताप डोक्यात गेला' म्हणतात त्यात बरंच काही येतं. पण मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे, लहान मुलांना एक-दोन दिवसांत आडवं करणारे मुख्य जंतू तीन : हिब, न्यूमोकॉकस आणि मेनिन्गोकॉकस. चौथा क्षयाचा. तो सावकाश येतो आणि घर पोखरून जातो.

वहिनींच्या कागदावर होता तो तिसरा. बाकीच्या तिघांवरच्या लशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, फक्त त्यांना मेंदूज्वराची लस म्हणून कोणी ओळखत नाही. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची जी 'पाचाची एक' सुई, तिच्यातला एक भाग हिबचा. आणि दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना व नऊ महिन्यांनंतर दुसऱ्या मांडीत देतात ती न्यूमोकॉकसची पीसीव्ही.

आज सकाळी वहिनींना गाठून सांगितलं, तुमच्या नालासोपाऱ्याच्या नातवाला मेंदूज्वराविरुद्धच्या तीन तऱ्हेच्या लशी झाल्यात. "कधी?" म्हणाल्या. कार्ड आणून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर साडेतीन महिन्याची. ह्या सुईने तो रात्रभर रडला होता." आयांच्या लक्षात लशीचं नाव राहत नाही, महिना राहतो आणि रडणं राहतं.

* * *

पाचाची एक, म्हणजे पेंटाव्हॅलंट, देशात पहिल्यांदा सरकारी कार्यक्रमात आली डिसेंबर २०११ मध्ये, केरळ आणि तमिळनाडूत. गोव्याने ती आपल्या आधी घेतली. महाराष्ट्रात आली २०१५ मध्ये. म्हणजे मधल्या काळात पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे जन्मलेल्या पोराला हिबची लस फुकट होती आणि अलीकडे बांद्यात जन्मलेल्याला नव्हती. पीसीव्ही २०१७ मध्ये हिमाचल, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या काही भागांत सुरू झाली, आपल्याकडे पोचली २०२१ मध्ये.

खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे दोन्ही आधीपासून होत्या. तेरा प्रकारांची परदेशी पीसीव्ही एका डोसला साडेतीन-चार हजारांच्या घरात. वसईत त्या काळात एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं बाळ सुरक्षित आणि तळमजल्यावरच्या वॉचमनचं उघडं, असं सरळ चित्र होतं. जंतूच्या दृष्टीने पाहिलं तर धोका तळमजल्यालाच जास्त. एका खोलीत सात माणसं, चूल आतच, आईचं दूध लवकर सुटलेलं. ज्याला लशीचा फायदा सर्वांत जास्त त्याच्याकडे ती सर्वांत उशिरा पोचते. हे आमच्या पतपेढीतल्या कर्जासारखंच झालं.

* * *

बीसीजीचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो वरवर पाहता दिवाळखोरीचा आहे.

पहिलं म्हणजे मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर ती चालत नाही. हे तमिळनाडूतल्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीतून कळलं, आणि तेव्हा जगभरच्या लोकांनी कपाळाला हात लावला. दुसरं, तिची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून तिच्यात निम्मी लस वाया जाणार हे सरकारी मागणीपत्रकातच धरलेलं असतं. ५० टक्के! पतपेढीत मी असा ताळेबंद मांडला असता तर संचालकांनी मला दारात उभं केलं असतं.

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या हिशेबानुसार बीसीजी दिलेल्या दर ३,४३५ बाळांमागे क्षयाच्या मेंदूज्वराची एक केस टळते. म्हणजे ३,४३४ आयांना काहीच दिसत नाही. दंडावर फोड येतो, पिकतो, वाळतो, खूण राहते. आणि एका आईलाही काही दिसत नाही, कारण जे झालं नाही ते दिसणार कसं? त्याच लेखात निघालेला खर्च निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे २०६ डॉलर.

माझ्या दंडावरची खूण आता सुरकुतीत गेली. आंघोळीच्या वेळी शोधावी लागते.

* * *

आमच्या जुन्या चाळीतला एक मुलगा. आता मुलगा कसला, पन्नाशीचा आहे. दोन-अडीच वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला, तीन आठवडे मुंबईच्या रुग्णालयात होता, वाचला. घरी आणला तेव्हा चाळीने पेढे वाटले. पंधरा दिवसांनी त्याच्या आजीच्या लक्षात आलं, मागे ताट पडलं तरी पोरगं वळत नाही.

तो विरारहून लोकलने गोरेगावला कामाला जातो. परवा फलाटावर भेटला. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलल्याची घोषणा झाली आणि गर्दी पुलाकडे सुटली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आत तो पुलाच्या तिसऱ्या पायरीवर होता. नंतर गाडीत त्याने बोटांनी आणि ओठांनी सांगितलं : मी कधी वर बघत नाही, खाली बघतो. माणसांची पावलं एकदम वळली की समजायचं.

जंतूने होणारा मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी एक दगावतो आणि पाचांपैकी एकाच्या मागे कायमचं काही राहतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब आहे. बहिरेपण, झटके, अधू हात, अभ्यास न जमणं. यातल्या बहिऱ्याला आज कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकतं. केंद्राच्या योजनेतून त्यासाठी मुलामागे ६ लाखांपर्यंत रक्कम ठरली होती, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्याची कामं चालतात. पण मेंदूज्वरानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड धरू लागतं, आणि एकदा ते भरलं की तार आत जात नाही. म्हणजे पैसे मंजूर होईपर्यंत थांबायला शरीर तयार नसतं.

त्याच्यावरचा खर्च कुठल्याही तक्त्यात कसा येईल याचा मी विचार करतो. विशेष शाळा दादरला होती. त्याला ने-आण करायला कोणी हवं, म्हणून थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली. ती आजही हिशेब बोटांवर करते. रोगी तो, पण खर्च तिच्या नावावर पडला, आणि तिच्या नावाची खतावणीच नाही.

* * *

आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये २००६-०७ च्या मेंदूज्वराच्या साथीनंतर संशोधकांनी घरोघर जाऊन विचारलं, एका रुग्णामागे घरचे किती गेले? उत्तर आलं सुमारे ९० डॉलर. ऐकायला थोडे. पण तिथल्या दरडोई वार्षिक उत्पन्नाचा तो एक तृतीयांश होता. मागे अपंगत्व राहिलं तर आणखी १५४ डॉलरपर्यंत. आणि तिथे औषधं सरकारतर्फे फुकट मिळायला हवी होती.

'फुकट' हा शब्द लिहिला की त्याच्यापुढे रिक्षाचं भाडं लिहायची मला सवय आहे.

* * *

पाठीतलं पाणी.

मेंदूज्वर आहे की नाही, असेल तर कुठल्या जंतूचा, हे ठरवायला कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून थोडं पाणी काढतात. आमच्याकडे या गोष्टीची दहशत आहे. "पाठीतलं पाणी काढलं आणि पोरगं पांगळं झालं," हे वाक्य मी पापडीपासून पेल्हारपर्यंत कमीत कमी वीस वेळा ऐकलंय. पांगळं पाण्याने होत नाही, ज्यासाठी पाणी काढावं लागलं त्याने होतं. पण क्रम डोळ्यांना दिसतो तसाच मनात बसतो. मग बाप सही करत नाही.

सही केली तरी पुढे गंमत आहे. त्याआधी गल्लीतल्या डॉक्टरने दोन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिलेली असतात. जंतू अर्धमेला झालेला असतो, प्रयोगशाळेत वाढत नाही. त्यात हिब हा फार नखरेल. साध्या खाद्यावर तो उगवतच नाही. मेंढीचं रक्त गरम करून फोडावं लागतं, ते मिसळल्यावर खाद्याचा रंग चॉकलेटसारखा होतो, आणि त्याचं नावही 'चॉकलेट आगर' असंच आहे. तालुक्याच्या गावात हे कोण करत बसणार? रिपोर्ट येतो : वाढ नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं जातं : ताप, झटके.

आणि मग मंत्रालयात कोणीतरी रजिस्टर उघडून म्हणतं, आपल्याकडे हिब आहेच कुठे?

मी याला पतपेढीच्या भाषेत न नोंदवलेलं कर्ज म्हणतो. वहीत नाही म्हणून नाही, असं नसतं. वसुलीला माणूस येतोच.

* * *

तरीही विरोधकांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. पेंटाव्हॅलंटवरून दिल्लीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी आकडे मांडून विचारलं की एवढ्या कमी रोगासाठी एवढी महाग सुई कशाला? त्यांना अडाणी म्हणून उडवून लावणं सोपं होतं, आणि काहींनी ते केलंही. मला ते पटलं नाही. सरकार लोकांच्या पैशाने काही विकत घेतंय आणि विकणारी कंपनी आहे, तर भाव विचारणारा माणूस हवाच.

मौज अशी की दोन्ही बाजूंच्या हातात एकच अभ्यास होता. वेल्लोरच्या डॉक्टरांचा, २००८ चा. पाच वर्षांखालच्या लाखभर मुलांमागे वर्षाला हिबच्या मेंदूज्वराच्या सुमारे ७ केसेस. एक बाजू म्हणाली, फक्त सात! दुसरी म्हणाली, पाणी काढून, जंतू उगवून, पकडून दाखवलेले सात, मग न पकडलेले किती? शिवाय तोच अभ्यास सांगतो की वर्षाच्या आतल्या बाळांत हा आकडा ३२ आहे.

माझा कौल दुसऱ्या बाजूला जातो, आणि त्याला कारण आफ्रिकेतला गॅम्बिया. तिथे पाणी काढून मोजायची शिस्त आधीपासून होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाच्या आतल्या लाख बाळांमागे हिबच्या मेंदूज्वराच्या २०० वर केसेस होत्या. लस आली, अधूनमधून तिचा तुटवडाही झाला, तरी २००२ मध्ये आकडा शून्यावर आला. आधीचं पान नीट लिहिलेलं असलं की नंतरचं पान वाचता येतं, इतकंच.

* * *

आता पुण्याची गोष्ट. ही सविस्तर लिहायची आहे, कारण भाव कसा ठरवावा याचा इतका चांगला धडा मला बँकिंगच्या कोणत्याही परीक्षेत मिळाला नाही.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या मधोमध एक पट्टा आहे, त्याला 'मेनिंजायटिस बेल्ट'च म्हणतात. डिसेंबर ते जून कोरडा धुळीचा वारा, आणि दर काही वर्षांनी मेनिन्गोकॉकसच्या 'ए' प्रकाराची साथ. १९९६-९७ ची साथ सर्वांत भयंकर. अडीच लाखांवर रुग्ण, २५ हजार मृत्यू. त्या वेळी जुन्या पद्धतीची लस होती, पण ती लहान बाळांत धड चालत नसे आणि तिचा असर फार टिकत नसे. साथ आली की बोंब, मग लशीची विमानं, ती पोचेपर्यंत साथ ओसरलेली. दर वेळी पैसे खर्च आणि दर वेळी उशीर.

२००१ मध्ये 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नवी लस करायचं ठरवलं. गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले. आणि त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. लस बनवायच्या आधी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला किती परवडेल? ते म्हणाले, अर्धा डॉलर. त्याच्यावर गेली तर आम्हाला तिचा उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांशी जमलं नाही. मग प्रकल्पाचे प्रमुख मार्क लाफोर्स आणि त्यांच्या माणसांनी कामाचे तुकडे केले. जंतूच्या आवरणाची साखर ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून, ती प्रथिनाला जोडायची युक्ती अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून, आणि बनवायची हडपसरला, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. सिरम म्हणजे सायरस पूनावालांच्या घोड्यांच्या फार्ममधून निघालेली कंपनी. निवृत्त घोडे रक्तजलासाठी परळच्या हाफकिनला पाठवायचे. मग आपणच का करू नये, म्हणून १९६६ मध्ये कंपनी निघाली आणि सुरुवात धनुर्वातावरच्या औषधाने झाली. नव्या लशीत साखर ज्याला जोडायची ते प्रथिन धनुर्वाताचंच होतं. घरचाच माल.

या जोडणीचा अर्थ मी वहिनींना असा सांगितला : बाळाचं शरीर जंतूवरच्या साखरेला ओळखतच नाही, दारातून परत पाठवतं. म्हणून तिला ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायचं. धनुर्वाताचं प्रथिन हा ओळखीचा माणूस. एकदा दोघं बरोबर घरात येऊन गेले की पुढच्या वेळी साखर एकटी आली तरी चेहरा ध्यानात राहतो. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मध्यस्थ." हो, मध्यस्थ.

पहिली चाचणी २००५ मध्ये भारतातल्याच प्रौढ स्वयंसेवकांवर झाली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. भाव अर्ध्या डॉलरच्या आत. दहा दिवसांत १ ते २९ वयाच्या १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांना टोचलं. पुढच्या वर्षांत पट्ट्यातले तीस कोटींवर लोक झाले. 'ए' प्रकारच्या साथी थांबल्या. पट्ट्यातल्याच चाडमध्ये तर लशीनंतर लोकांच्या घशात तो जंतू सापडणंच जवळजवळ बंद झालं, म्हणजे न टोचलेल्यांचीही सोय झाली. शेजाऱ्याने भिंत बांधली आणि आपलं घर आडोशाला आलं, तसं.

* * *

त्याच लशीची आणखी एक गोष्ट, जी मोखाड्याच्या कोणत्याही सिस्टरला माझ्याआधी कळेल. २०१२ मध्ये तिला परवानगी मिळाली की ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाशिवाय नेली तरी चालेल. बेनिनमध्ये तसं करून पाहिलं. नंतर चाडचा हिशेब मांडला तर साठवण आणि वाहतुकीचा माणशी खर्च जवळजवळ निम्म्यावर येत होता.

निम्मा! म्हणजे तोपर्यंत आपण लशीइतकाच बर्फ वाहत होतो.

* * *

गोष्ट तिथे संपली असती तर छान झालं असतं. 'ए' गेल्यावर 'सी' आला. २०१७ मध्ये नायजेरियात त्याने हजाराहून अधिक माणसं नेली. 'डब्ल्यू' होताच, आणि 'एक्स'वर तर जगात लसच नव्हती. पुन्हा पुणे, पुन्हा पाथ, या वेळी ब्रिटिश सरकारचे पैसे, तेरा वर्षं काम. ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स असे पाच प्रकार एका कुपीत. जुलै २०२३ मध्ये मान्यता मिळाली, २०२४ मध्ये नायजेरियाने पहिल्यांदा वापरली. भाव सुमारे तीन डॉलर.

अर्ध्याचे तीन झाले. पाच प्रकारांची म्हणून तीन ठीक, असं एक मन म्हणतं. दुसरं विचारतं, ज्यांनी अर्धाच सांगितला होता त्यांना या वेळी कोणी विचारलं का?

* * *

मग वहिनींच्या लेकीची लस आपल्या सगळ्या पोरांना सरकारने का देऊ नये?

माझं मत : सध्या देऊ नये. न्यूमोकॉकस आणि हिब आपल्याकडे वर्षभर, गावोगाव असतात. मेनिन्गोकॉकस साथीने येतो. दिल्लीत १९६६, १९८५, पुन्हा २००५-०६ मध्ये आला. मेघालय-त्रिपुरात २००८-०९ मध्ये. अशा वेळी रुग्णाच्या घरातल्यांना गोळ्या, आसपासच्यांना लस, आणि मुख्य म्हणजे साथ लवकर ओळखणं, यात पैसा घालावा. ओळखायचं म्हणजे परत पाठीतलं पाणी आलं, परत ती प्रयोगशाळा आली. माझ्या हातात पैसे दिले तर मी आधी पालघर जिल्ह्यात चॉकलेट आगर आणि ते लावून जंतू उगवणारा एक माणूस ठेवीन. लस काय, नंतर विकत मिळते.

बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ही लस सरसकट देत नाही, धोक्यातल्या मुलांना देते : प्लीहा काढलेली, काही प्रतिकारदोष असलेली, आणि प्रवासाला निघालेली.

प्रवासावरून आठवलं. नालासोपाऱ्यातून हजला निघणाऱ्यांना हीच लस सक्तीची आहे. १९८७ मध्ये हजमध्ये साथ झाली, २०००-०१ मध्ये वेगळ्या प्रकाराची झाली, तेव्हापासून चार प्रकारांची लस घेतल्याशिवाय सौदी व्हिसा देत नाही. म्हणजे आमच्या शहरात ही सुई दोघांच्याच दंडाला लागते : अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थिनीच्या आणि मक्केला जाणाऱ्या आजोबांच्या. दोघांनाही ती दुसऱ्या देशाने लावलेली.

* * *

जव्हारच्या एका जुन्या कार्यकर्त्याशी वाद झाला. ते म्हणाले, "आधी पोटाला द्या, मग सुई." १९९२ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं गेली तेव्हा ते तरुण होते. त्यांनी जे पाहिलं ते मी वर्तमानपत्रात वाचलं, त्यामुळे मी आवाज चढवला नाही.

पण हिशेब केला. पीसीव्हीचे तीन डोस, परदेशी मदत-संस्थांना मिळतो तो दोन डॉलरचा दर, वर्षाला जन्मणारी अडीच कोटी बाळं. पंधरा कोटी डॉलर, म्हणजे साडेबाराशे कोटी रुपयांच्या आसपास. यात सिस्टरचा पगार नाही, बर्फ नाही, गाडी नाही. ही रक्कम अंगणवाडीच्या डाळीत घातली तर?

घालता येत नाही. सरकारी पैसा पाण्यासारखा उताराकडे वाहत नाही, तो लेखाशीर्षात बसतो. सुईचे वाचलेले डाळीत जात नाहीत, ३१ मार्चला परत जातात. आणि दुसरं असं की उपाशी पोर न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियाने आधी जातं. मोखाड्यातल्या पोराच्या मांडीतली सुई जितकं काम करते तितकं माझ्या नातीच्या मांडीतली करत नाही. दोन्ही द्या, असं मी म्हटलं. ते हसले. "दोन्ही द्या हे आम्ही तीस वर्षं म्हणतोय," म्हणाले.

* * *

फेब्रुवारी. कामणच्या पुढे, भिवंडी रस्त्यालगतच्या वीटभट्टीवर लसीकरणाचं सत्र होतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे बिस्किटांचे पुडे न्यायचे, म्हणून मी गेलो.

सिस्टरनी निळा डबा सावलीत ठेवला. झाकण उघडायच्या आधी मला दाखवलं : बर्फाची पाकिटं घाम सुटलेली हवीत, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. कडक बर्फाला कुपी टेकली तर पेंटा गोठून वाया जाते. म्हणजे ऊनही नको आणि फार थंडीही नको. कुपीवर गोल, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. शिकलेला-न शिकलेला कोणीही वाचू शकेल अशी ही एकच सरकारी खूण मी पाहिली.

मोखाड्याकडची एक मुलगी, असेल एकोणीस-वीसची, कडेवर साडेतीन महिन्यांचं बाळ. दिवाळीआधी बाळंत झाली, दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन इथे आली. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी भाताच्या डब्यात. दीड आणि अडीच महिन्यांचे रकाने भरलेले. आज तीन सुया : डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची. शिवाय तोंडात थेंब.

"तीन?" तिने विचारलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो साच्यात चिखल भरत होता, मान वर न करता म्हणाला, "उद्या विटा कोण पाडल?"

ते दोघं जोडीने पाडतात आणि पैसे हजारामागे मिळतात. पेंटाच्या सुईने रात्री ताप येणार, बाळ रडणार. ती मला म्हणाली, "पोरगा रातभर रडला का सकाळी हात नाय चालत, बाबा." रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्याने मोजलं तरी एका फुकट सुईचा दर ठरला. सरकारने बाटलीला काय दिले असतील ते असोत, ती भट्टीवर बसून रोख देते.

सिस्टरनी तापाच्या औषधाची बाटली दिली, किती थेंब ते कार्डाच्या कडेला टिंबं काढून दाखवलं. टोचलं. सुईकटरचा टक्‌ असा आवाज तीनदा. बाळाने पहिल्या सुईला श्वास धरला आणि दुसरीला भट्टीच्या धुरापलीकडे ऐकू जाईल असा सोडला.

आशाताई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. मूल वर्षाचं होईपर्यंत सगळे डोस पूर्ण झाले की आशाला १०० रुपये मिळतात. मी विचारलं, या बाळाचे १०० कोणाचे? पहिले डोस गावाकडे, आजचा इथे, पुढचा कुठे कोण जाणे. त्या म्हणाल्या, "कोणाचेच नाहीत, काका. तरी लिहायचं."

अर्धा तास थांबायला सांगितलं होतं, तोवर ती माझ्याजवळ बसली. बिस्किटाचा पुडा तिने फोडला नाही, कार्डाबरोबर पिशवीत घातला.

सिस्टर पुढची तारीख लिहायला वळल्या. नऊ महिने म्हणजे जुलैअखेर. तोपर्यंत पाऊस लागलेला असणार, भट्टी मोडलेली असणार.

"पावसाळ्यात कुठे असशील गं?"

"घरी."

"गाव कुठलं? पाडा सांग. आशा कोण तिथली?"

तिने पाड्याचं नाव सांगितलं. आशाचं नाव तिला येत नव्हतं, "ती ठाकरांच्या घरची, उंच आहे," म्हणाली. सिस्टरनी कार्डाच्या मागे तसंच लिहिलं : ठाकर, उंच. मग मोबाइल काढून मोखाड्याच्या कुठल्यातरी सिस्टरचा नंबर शोधायला लागल्या.